मुक्त ज्ञानकोशातील प्रक्षेप: तंजावरच्या पोथ्यांच्या साक्षीने

फुटबॉलच्या चाहत्यांची टवाळी आणि ग्रंथांची पाठचिकित्सा यांचा परस्परांशी काय संबंध, असा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाला पडणे स्वाभाविक आहे. वरवर पाहता तो काहीच नाही. १ जुलै २०१४ रोजी विश्वचषक स्पर्धेत बेल्जमने अमेरिकेचा २-१ असा पराभव केला. पराभूत संघाचा गोलरक्षक टिम हॉवर्ड याने त्या दिवशी एकामागून एक इतके फटके अडविले, की सामन्यानंतर विकिपीडिया या आंतरजालावरील मुक्त ज्ञानकोशात अमेरिकेच्या संरक्षणमंत्रिपदाच्या नोंदीत कुणा चाहत्याने त्याचे नाव घालून टाकले. खुद्द संरक्षणमंत्री चक हेगेल यांनी हॉवर्डला दूरध्वनी करून त्याचे अभिनंदन केले. थट्टा निर्मळ होती, कुणाची फसवणूक झाली नाही आणि नोंद लवकरच पूर्ववत झाली. एवढ्यावरच हा विषय संपत असता, तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते.

तो एवढ्यावर संपत नाही. सप्टेंबर २००८ मध्ये सायप्रसमधील ओमोनिया या संघाशी मँचेस्टर सिटीचा सामना व्हावयाचा होता. ओमोनियाच्या नोंदीत कुणीतरी खोडसाळपणे घालून ठेवले होते, की या संघाच्या पाठीराख्यांचा एक गट टाकून दिलेल्या जोड्यांच्या टोप्या करून घालतो. लंडनच्या ‘डेली मिरर’ या दैनिकाने सामन्याच्या पूर्ववृत्तात ही माहिती सत्य म्हणून छापली. पुढे जानेवारी २००९ मध्ये ‘द टाइम्स’ने उदयोन्मुख फुटबॉलपटूंची पन्नास जणांची यादी प्रसिद्ध केली. तीत तिसाव्या क्रमांकावर मासाल बुगदुव नावाचा मोल्दोव्हाचा एक तरुण खेळाडू होता. असा खेळाडू जगात कोठेही नव्हता. मुक्त ज्ञानकोशात आणि आंतरजालावर अन्यत्र पेरलेल्या बनावट मजकुरातून तो जन्माला आला होता. पाद्रिक ओ कोनेर या आयरिश लेखकाची ‘माझे लहान काळे गाढव’ अशा अर्थाच्या नावाची एक प्रसिद्ध कथा आहे. तिचे मूळ आयरिश शीर्षक या खेळाडूच्या नावाशी उच्चाराने जुळते, हे जाणकारांच्या ध्यानी नंतर आले. गाढवाच्या सौद्याची ती गोष्ट आयरिश वाचकांच्या परिचयाची होती. यादी करणाऱ्यांना मात्र ती ठाऊक नसावी.

या तीन उदाहरणांत एक क्रम आहे. हॉवर्डची थट्टा स्वतःच आपण थट्टा असल्याचे सांगते. ओमोनियाची थट्टा ते सांगत नाही. बुगदुव तर सर्वस्वी खऱ्याच्या वेषात येतो. थट्टा जितकी विश्वसनीय, तितकी ती अधिक टिकते आणि छापील पानावर गेल्यावर तिचे स्वरूपच पालटते. कोशातील नोंद पाहून वार्ताहर लिहितो. पुढे नोंदीला आधार काय असे विचारल्यास त्या वार्ताहराचे वृत्त दाखविता येते. न्यायशास्त्रात अन्योन्याश्रय म्हणून जो दोष सांगितला आहे, तो हाच. दोन साक्षीदार उभे असल्याचा भास होतो, पण वस्तुतः साक्षीदार एकच असतो आणि तोही खोटा.

थट्टा नेहमीच निर्मळ असते असेही नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी दुबईत आशिया चषकाच्या क्रिकेट सामन्यात पाकिस्तानविरुद्ध अर्शदीप सिंग या तरुण गोलंदाजाच्या हातून झेल सुटला. त्यानंतर त्याच्याविषयीच्या नोंदीत भारताच्या जागी खलिस्तान असा शब्द घालण्यात आला. हा बदल अल्पावधीतच काढला गेला, परंतु तेवढ्या वेळात त्याची चित्रे सर्वत्र पसरली आणि केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने कोशाच्या चालकांकडे खुलासा मागितला. एका शब्दाच्या प्रक्षेपाने एका खेळाडूच्या राष्ट्रनिष्ठेवर शिंतोडे उडविले, आणि प्रक्षेप दूर झाला तरी शिंतोडे लगेच पुसले गेले नाहीत.

येथे ‘प्रक्षेप’ हा शब्द हेतुतः योजला आहे. परक्या ग्रंथात आपला मजकूर मिसळून देण्याची ही वृत्ती आंतरजालाने निर्माण केलेली नाही. हस्तलिखितांच्या युगात प्रत्येक लेखक, म्हणजे नक्कल करणारा, हा संभाव्य संपादकच होता. कुणी भक्तीने ओवी घातली, कुणी अर्थ सुबोध व्हावा म्हणून शब्द बदलला, कुणी समासातील टीप मूळ संहितेत ओढून घेतली. तुकोबांच्या नाममुद्रेने इतरांनी अभंग रचले. उलटपक्षी, त्यांचे अभंग आपल्या नावावर खपविणाऱ्या सालोमालोची तक्रार खुद्द तुकोबांना करावी लागली. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि ग्रंथाच्या अखेरीस पुढील लोकांनी तीत आपली ओवी मिसळू नये असे बजावले. असे बजवावे लागले, यावरूनच त्यापूर्वी काय चालले होते याची कल्पना येते. त्यानंतरही पाठाचा प्रश्न मिटला नाही. १९०९ साली वि. का. राजवाडे यांनी जी प्रत प्रसिद्ध केली, तिच्यामुळे तो नव्याने उपस्थित झाला.

या प्रश्नाशी तंजावरचा संबंध निकटचा आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले, तेव्हा पुण्याबाहेर ज्या ठिकाणी पोथ्या ताडून पाहण्याची व्यवस्था करण्यात आली, त्यांपैकी एक तंजावरचा सरस्वती महाल होता. दक्षिणेकडील लिपींतील पोथ्यांचे पाठ तेथील पंडितांनी अक्षरशः टिपून पुण्यास पाठविले. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी संपादिलेल्या आदिपर्वात व्यासांनी सांगावे आणि गणेशाने लिहावे, ही सर्वांच्या आवडीची कथा प्रक्षिप्त ठरून परिशिष्टात गेली. ग्रंथ लिहिणाऱ्याची कथाच पुढे कुणा लिहिणाऱ्याने घातलेली असावी, ही गोष्ट मोठी बोधक आहे. संपादकांनी ती नष्ट केली नाही, हे त्याहून महत्त्वाचे. ती जेथे असावयास हवी तेथे तिच्या सर्व पाठभेदांसह छापली गेली. प्रक्षेप हादेखील परंपरेचा पुरावा असतो आणि तो फेकून द्यावयाचा नसून ओळखावयाचा असतो, हे तत्त्व त्या आवृत्तीने भारतीय विद्वत्तेला दिले.

यावर कुणी म्हणेल, की मुळात असा ग्रंथ सर्वांना खुला ठेवावाच कशाला? केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश तेवीस खंडांत पुरा झाला आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली १९७६ पासून मराठी विश्वकोशाचे खंड निघू लागले. त्यांत कुणा फुटबॉलप्रेमीला हात घालण्याची सोय नव्हती. विश्वकोशातील नोंदीखाली लेखकाचे नाव असते आणि चुकीची जबाबदारी कुणावर हे कळते. हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु ग्रंथ बंद केल्याने तो सत्य होतो, असे मात्र समजू नये.

याचा दाखला तंजावरलाच आहे. बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारात नैऋत्येकडील भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास देवनागरी लिपीत आणि मराठी भाषेत कोरलेला आहे. दुसरे सरफोजी यांच्या आज्ञेने चिटणीस बाबूराय यांनी तो सिद्ध केला आणि १८०३ साली तो शिळेवर चढला. त्याआधी चारच वर्षे, १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार इंग्रजांच्या कंपनीकडे गेला होता. सत्ता गेल्यावर वंशाची कीर्ती तरी कुणाला पुसता येऊ नये, ही त्यामागील भावना समजण्याजोगी आहे. दगडाइतका बंदिस्त ग्रंथ दुसरा नसेल. तो कोरल्यावर त्यात कुणा खोडसाळाने एक अक्षर घालणे कठीण. असे असूनही त्यातील प्राचीन पिढ्यांचा वृत्तान्त इतिहासकारांना जसाच्या तसा स्वीकारता आलेला नाही. जे चुकीचे कोरले गेले, ते चुकीचेच राहिले, कारण दगड प्रक्षेप नाकारतो तसा शुद्धिपत्रही नाकारतो.

मग सत्य ठरते कशाने? याचेही उत्तर तंजावरच्या एका पोथीने दिले आहे. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीविषयी बखरींच्या आधारे शके १५४९ हे वर्ष दीर्घकाळ रूढ होते. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली आणि तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी मिळाली. एकट्या शकावलीवर किती विसंबावे, हा प्रश्न होताच. पुढे कवींद्र परमानंदाच्या शिवभारताची पोथी सरस्वती महालात उपलब्ध झाली. १९२७ साली सदाशिव महादेव दिवेकर यांनी ती संपादून प्रसिद्ध केली. तीतही तीच तिथी निघाली. एक साधन मावळातील देशमुखांच्या घरचे मराठी टिपण, दुसरे कावेरीकाठच्या ग्रंथालयातील संस्कृत काव्य. एकाने दुसऱ्याचे पाहून लिहिले असण्याचा संभव नव्हता. म्हणून त्यांच्या एकमुखाने बोलण्याला वजन आले. अखेर २००१ साली महाराष्ट्र शासनानेही १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. बुगदुवच्या प्रकरणी ज्या गोष्टीचा अभाव होता, ती हीच. बनावट वृत्ते पुष्कळ होती, पण त्यांपैकी एकही स्वतंत्र साक्षीदार नव्हता.

या दृष्टीने पाहता मुक्त ज्ञानकोशाची एक सोय अभ्यासकांनी पुरेशी ध्यानात घेतलेली दिसत नाही. त्याच्या प्रत्येक नोंदीमागे तिचा संपूर्ण इतिहास साठविलेला असतो. कोणता शब्द कधी आला, कुणाच्या हाताने आला, कधी गेला, हे क्षणभरात दिसते. जुना पाठ आणि नवा पाठ शेजारी ठेवून ताडता येतात. सुकथनकरांच्या सहकाऱ्यांनी ज्या माहितीसाठी वर्षानुवर्षे पोथ्या उलगडल्या, त्या जातीची माहिती येथे ग्रंथ स्वतःच बाळगून असतो. वरचा मजकूर ही प्रचलित संहिता, तर इतिहासाचे पान हे तिच्या तळटीपांतील पाठभेद होत. हाताचे नाव पुष्कळदा टोपणनाव असते ही त्रुटी खरी. पण जुन्या पोथ्यांच्या बहुसंख्य नकलाकारांची नावे तरी कोठे ठाऊक आहेत? जसे पाहिले तसे लिहिले, दोष मला देऊ नये, अशा आशयाचा श्लोक शेवटी लिहून ते मोकळे होत.

तेव्हा खोडसाळ चाहत्यांना फार भिण्याचे कारण नाही. किंबहुना त्यांच्याविषयी आणखी एक गोष्ट नमूद करणे न्यायाचे होईल. खेळाविषयीच्या नोंदींत टवाळी करणारे जसे चाहते असतात, तसे ती पुसून टाकणारेही चाहतेच असतात. कोणत्या हंगामात कुणी किती गोल केले, कोणता खेळाडू कोणत्या संघातून कोठे गेला, याची खडान्‌खडा माहिती असलेली माणसे त्या नोंदींवर अहोरात्र नजर ठेवून असतात. मुक्त ग्रंथाची शुद्धता कुलपावर नव्हे, तर त्या विषयावर जीव असलेल्या आणि तो जाणणाऱ्या वाचकांच्या संख्येवर अवलंबून असते.

नेमके येथेच लहान वाङ्मयांचे दुखणे आहे. ज्या नोंदीला चाहते नाहीत, तिला रखवालदारही नाहीत. स्कॉट्स भाषेतील विकिपीडियात हजारो नोंदी एका अमेरिकी किशोराने लिहिल्या होत्या आणि त्याला ती भाषा येत नव्हती, हे २०२० साली उघड झाले. इंग्रजी वाक्यांना तो स्कॉट्स वाटेल असा वेष चढवीत होता. त्याचा हेतू टवाळीचा नव्हता, तो प्रामाणिकपणे सेवाच करीत होता. तरीही कित्येक वर्षे हे कुणाच्या ध्यानी आले नाही. ज्यांना भाषा येत होती, त्यांनी पाहिलेच नव्हते. एका सामन्यानंतरची थट्टा काही मिनिटांत पुसली जाते आणि एका भाषेचे विद्रूप वर्षानुवर्षे राहते. या दोहोंपैकी अधिक काळजी कशाची करावी, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. मराठी ही लहान भाषा नव्हे, पण मराठीतही काही दालने स्कॉट्सइतकीच निर्जन आहेत आणि तंजावरी मराठी वाङ्मय हे त्यांपैकी एक आहे. मराठी नाटकाचा आरंभ विष्णुदास भावे यांच्या १८४३ सालच्या सांगलीतील ‘सीतास्वयंवरा’ने झाला, हे विधान एका पुस्तकातून दुसऱ्यात सहज उतरत आले आहे. तंजावरच्या शाहराजांच्या काळी, सतराव्या शतकाच्या अखेरीस, ‘लक्ष्मीनारायणकल्याण’सारखी मराठी नाटके रचली जात होती. हे ज्यांना ठाऊक आहे, ते त्या विधानाला मर्यादा घालतील. ज्यांना ठाऊक नाही, ते ते पुढे उतरवितील. येथे खोडसाळ कुणीच नाही. तरीही परिणाम तोच होतो, एकाच साक्षीचे अनेक प्रतिध्वनी निघतात आणि दुसरा साक्षीदार कपाटात पडून राहतो. माधवस्वामींचे महाभारत, रामदासी मठांतील पद्यरचना, सरफोजींनी जगाचा भूगोल जीत सांगितला ती ‘देवेंद्र कुरवंजी’, त्यांच्या नवविद्याकलानिधी छापखान्यात १८०६ च्या सुमारास छापलेली इसापाच्या गोष्टींची ‘बालबोध मुक्तावली’, यांविषयी उद्या कुणी काही विपरीत लिहिले, तर ते ओळखणारे किती जण ती नोंद उघडून पाहतील?

ज्यांचा या वारशावर पहिला हक्क, ती तंजावर आणि कुंभकोणम परिसरातील मराठी कुटुंबे घरात आजही आपली वेगळी वळणाची मराठी बोलतात, परंतु त्यांचे शिक्षण आणि लेखन बहुधा तमिळमध्ये वा इंग्रजीत होते. महाराष्ट्रातील अभ्यासकाला पोथ्या दूर, तर तंजावरच्या मराठी माणसाला लिखित मराठी दूर. मोडी कागदपत्रांचे तमिळ भाषांतर करण्याचे मोलाचे काम तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने केले आहे. त्याचा लाभ घेणारा मराठी अभ्यासक विरळा.

विद्यापीठीय पंडित मुक्त ज्ञानकोशाकडे बहुधा तुच्छतेने पाहतात आणि विद्यार्थ्यांनी प्रबंधात त्याचा आधार घेतल्यास रागे भरतात. रागावणे योग्य आहे. परंतु तुच्छतेचा परिणाम असा होतो, की ज्यांच्याजवळ स्वतंत्र साक्षी आहेत ते बोलत नाहीत आणि ज्यांच्याजवळ काहीच नाही ते लिहीत राहतात. विद्यार्थी तर ती नोंद वाचतोच. वार्ताहर वाचतो, नव्या पाठ्यपुस्तकाचा लेखकही वाचतो. तेव्हा या ग्रंथाला अप्रमाण म्हणून सोडून देणे म्हणजे प्रक्षेप दिसत असूनही पोथी बाजूला ठेवणे होय. कोणत्याही संपादकाने आजवर असे केलेले नाही. पोथी दूषित असते, म्हणून तर संपादकाची गरज असते.

करावयाचे काम अवघड नाही, पण चिकाटीचे आहे. सरस्वती महालातील मराठी हस्तलिखितांच्या सूच्या छापलेल्या आहेत. त्यांतील क्रमांकांचा निर्देश करून प्रत्येक ग्रंथाची आणि ग्रंथकाराची लहानशी, पण साधार नोंद मराठीत आणि शक्य तर तमिळमध्ये असली पाहिजे. जी विधाने केवळ परस्परांच्या आधारावर उभी आहेत, ती तशी असल्याचे तेथल्या तेथे नोंदविले पाहिजे. पाठचिकित्सेच्या अभ्यासक्रमात एखाद्या वादग्रस्त नोंदीचा इतिहास विद्यार्थ्यांना उलगडावयास द्यावा. प्रक्षेप कसा शिरतो, कोणत्या वेषात टिकतो आणि कोणत्या साक्षीने उघडा पडतो, हे त्यांना एका तासात प्रत्यक्ष दिसेल. असे काम करणाऱ्या अध्यापकाच्या श्रमांची गणना विद्यापीठांनी संशोधनात करावी. आजवर ती होत नाही, म्हणूनच हे काम छंदिष्टांवर सोडलेले आहे.

ओमोनियाच्या पाठीराख्यांच्या डोक्यावर जोड्यांच्या टोप्या नव्हत्या, हे आज जगाला ठाऊक आहे, कारण त्या संघाची आणि त्या खेळाची काळजी वाहणारे लोक पुष्कळ होते. माधवस्वामींच्या बाबतीत ती काळजी वाहण्याचे काम ज्यांनी त्यांची पोथी वाचली आहे, त्या मूठभर अभ्यासकांचे आहे. त्यांनी ते केले नाही, तर त्यांच्याऐवजी ते दुसऱ्या कुणाकडून होण्यासारखे नाही.